पाण्याला घाबरणारं मूल आणि पोहण्याचा क्लास: पालकांचे नेहमीचे प्रश्न

मार्च संपत आला की ठाणे-नवी मुंबईत सुट्टीच्या बॅचेसचे फॉर्म भरायची धावपळ सुरू होते आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तलावाच्या उथळ बाजूला कठड्याला घट्ट धरून रडणारी दोन-चार मुलं हमखास दिसतात. साधारण तीन ते आठ वर्षांच्या अशा मुलांच्या आई-बाबांसाठी ही उत्तरं आहेत.

आमचा मुलगा अलिबागच्या समुद्रात, घरी टबात मजेत खेळतो. मग तलावात पाय टाकायला का तयार नाही?

कारण भीती बहुतेक वेळा पाण्याची नसते. पाण्यात गेल्यावर ताब्यातून सुटणाऱ्या एखाद्याच गोष्टीची ती असते. या गोष्टी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या: तोंडावर पाणी येणं, नाकात पाणी जाणं, कान बुडल्यावर आवाज बदलणं, पाय जमिनीला न टेकणं, थंडी, आणि अनोळखी सरांचा हात. तलाव बंदिस्त असेल तर त्यात शिट्ट्या आणि घुमणारा गोंगाट यांची भर. समुद्रात मूल स्वतःच्या पायांनी पाण्यात जातं आणि लाट आली की मागे पळतं. तलावात त्याला कुणीतरी उचलून आत घेतं. त्याच्या दृष्टीने सगळा फरक तिथेच आहे.

म्हणून 'घाबरट आहे हो आमचा' हे सरांना सांगून काहीच कळत नाही. नेमकं काय बिनसतं ते पाहा. थेंब उडाला तरी चेहरा पुसत राहिला, तर अडचण तोंडावरच्या पाण्याची. हनुवटी वर, पायाची बोटं ताणलेली, तर तळाची. खांदे कानापर्यंत चढलेले आणि ओठ फिके, तर थंडीची. सर जवळ आले की पाठ फिरवत असेल, तर माणसाची. 'का घाबरतोस?' याचं उत्तर पाच वर्षांच्या मुलाकडे नसतं. 'नाकात गेलेलं आवडत नाही की कानात?' असं विचारलं की ते चटकन बोट दाखवतं.

कोणत्या वयात क्लासला घालावं?

एक वर्षानंतर आई किंवा बाबांच्या कडेवर पाण्यात खेळायला हरकत नाही, पण ते शिकणं नव्हे, ओळख. सूचना ऐकून हात-पाय त्याप्रमाणे हलवणं बहुतेक मुलांना चारच्या आसपास जमू लागतं. घाबरणाऱ्या मुलाच्या बाबतीत 'मोठा झाला की आपोआप जाईल' म्हणून थांबू नका. टाळलेली भीती वर्षागणिक पक्की होते, आणि नऊ वर्षांच्या मुलाला भीतीबरोबर मित्रांसमोरची लाजही सांभाळावी लागते.

क्लास सुरू होण्याआधी घरी काय करता येईल?

खरं तर अर्धं काम घरीच होतं, बादली आणि तांब्यावर. क्लासच्या आठ-दहा दिवस आधी सुरुवात करा.

पाणी कोमट घ्या. पहिले दोन दिवस तांब्या मुलाच्या हातात. ते स्वतःच्या खांद्यावर ओतेल, मग मानेवर, मग डोक्याच्या मागच्या बाजूला. तुम्ही फक्त पाणी भरून द्यायचं. तिसऱ्या दिवसापासून ओतणारे तुम्ही, पण 'ओत' म्हणणार मूल. 'एक, दोन, तीन' म्हणा आणि तीनलाच ओता. दोनला ओतून गंमत करू नका. त्या एका गमतीने मागचे चार दिवस वाया जातात. आधी डोक्याच्या मागे, मग टाळूवर, मग कपाळावरून चेहऱ्यावर अशी धार पुढे सरकू द्या. सुरुवातीला त्याच्या हातात कोरडा पंचा असू दे, हवा तेव्हा तोंड पुसायला. चार-पाच दिवसांनी पंचा दाराच्या कडीवर टांगा. मग डोळ्यांवरचं पाणी नुसतं पापण्या मिचकावून काढायला शिकवा, कारण तलावात दर वेळी तोंड पुसायला हात मोकळे नसतात.

दुसरा सराव पसरट पातेल्याचा. त्यात चार बोटं पाणी घ्या. आधी स्ट्रॉने बुडबुडे, मग ओठ टेकवून, मग नाकाचं टोक बुडवून. घाबरलेलं मूल फुंकायच्या ऐवजी चुकून आत ओढतं, म्हणून आधी कोरड्या हातावर कापसाचा बोळा ठेवून तो फुंकून उडवायचा खेळ खेळा. फुंकणं पक्कं झालं की मग पाणी.

हे सगळं होईपर्यंत तुम्ही न्हाणीघरातून हलायचं नाही. फोन वाजला तर वाजू दे. आणि झाल्यावर बादली रिकामी करून ठेवा. लहान मुलाला बुडायला बादलीभर पाणीही पुरतं.

नाकात पाणी गेलं की तो कासावीस होतो आणि मग त्या दिवशी काहीच करत नाही. उपाय?

नाकात पाणी शिरतं ते मूल बुडतं म्हणून नाही, तर त्या क्षणी नाकातली हवा थांबलेली असते किंवा ते श्वास आत घेत असतं म्हणून. हवा बाहेर येत राहिली तर पाणी आत येत नाही. 'श्वास सोड' ही सूचना लहान मुलाला कळत नाही. त्यापेक्षा भ्रामरी करायला सांगा: तोंड बंद ठेवून 'म्म्म्म'. तोंड बंद असताना गुणगुणायचं म्हणजे हवा नाकावाटेच बाहेर पडते. आधी घरी नाकाखाली बोट धरून हवा लागते का ते त्यालाच तपासू दे. मग पातेल्यात, मग तलावात.

चिमटीने नाक धरायची सवय मात्र लावू नका. एक हात त्यातच अडकतो आणि पुढे ती सोडवायला नवीन पंधरा दिवस जातात.

पहिल्या दिवशी नेमकं काय अपेक्षित धरावं?

काहीच नाही. शक्य असेल तर बॅच सुरू होण्याआधी एकदा नुसतं बघायला न्या: कपडे कुठे बदलायचे, शॉवर कुठे आहे, सर कोण, शिट्टी कशासाठी वाजते, कोरडा टॉवेल कुठे ठेवायचा. मुलाला पुढे काय होणार हे माहीत असलं की रडणं निम्म्यावर येतं.

पहिले दोन-तीन तास असे जातात. काठावर बसून पाय आत. मग पायऱ्यांवर बसून कंबरेपर्यंत. मग दांडा धरून उभं राहणं. मग दोन्ही हात काठावर ठेवून खेकड्यासारखं आडवं-आडवं सरकणं, पायऱ्यांपासून चार हात लांब आणि परत. यानंतर लगेच बाहेर यायला शिकवायचं, पोहण्याच्याही आधी: काठावर एक कोपर, दुसरं कोपर, मग पोट, मग गुडघा. 'कोपर, कोपर, पोट, गुडघा' असं म्हणतच शिकवा. हे आलेलं मूल बदलतं, कारण बाहेर पडायचा रस्ता आता त्याच्या हातात असतो. दांड्यावरची त्याची बोटं पाहत राहा. पेरं पांढरी पडलेली असतील तोवर पुढची पायरी नाही. बोटं सैल झाली, एक हात सुटून पाण्यात खेळू लागला, की समजा आज आणखी थोडं सरकता येईल.

आजोबा म्हणतात, 'आम्हाला विहिरीत ढकललं होतं, दोन दिवसांत पोहायला लागलो.' तसं का नको?

आजोबांच्या पाठीला बहुधा पत्र्याचा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधलेला होता, विहिरीत दोन-तीन मोठी माणसं पोहत होती आणि घरातली दहा भावंडं आधीच उड्या मारत होती. गोष्ट सांगताना तेवढं गळून जातं. शिवाय ज्यांनी त्या दिवसानंतर पुन्हा पाण्याकडे पाहिलं नाही, ते आजोबा ही गोष्ट सांगत नाहीत.

फसवून बुडवलेलं मूल पोहायला शिकतं की नाही हा पुढचा प्रश्न. त्याआधी ते एक गोष्ट नक्की शिकतं: पाण्यात आपल्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही. मग ते गळ्याला मिठी मारून बसतं, अंग ताठ करतं, आणि ताठ अंग तरंगत नाही. एखादे सर 'एकदा डुबकी दिली की भीती जाते' म्हणाले, तर शांतपणे सांगा, 'सर, तो हो म्हणेल तेव्हाच.' ऐकलं नाही तर बॅच बदला. यात भीड नको.

रडायला लागली तर बाहेर काढावं की राहू द्यावं?

दोन्ही टोकं चुकतात. रडल्याबरोबर घरी नेलं तर रडणं हा सुटकेचा मार्ग ठरतो. रडत असतानाच पुढे रेटलं तर भीती खरी ठरते. मधला रस्ता असा: एक पायरी मागे या, पण पाण्याजवळच राहा. कंबरेपर्यंत असताना रडली तर पायऱ्यांवर बसा. तिथेही रडत असेल तर काठावर, पाय आत. शांत झाली की एखादं सोपं, आधी जमलेलं काम करून घ्या, पाच वेळा पाय आपटणं वगैरे, आणि तिथेच तास संपवा. शेवट जमलेल्या गोष्टीवर झाला पाहिजे. दुसऱ्या दिवशी मुलाला तो शेवट आठवतो.

कुरकुर आणि घाबरगुंडी यांतला फरक ओळखा. कुरकुरणारं मूल रडता रडता इकडे-तिकडे बघतं, मध्येच दुसऱ्याची उडी पाहून थांबतं. घाबरगुंडी उडालेलं मूल ऐकतच नाही, श्वास उथळ आणि भराभर होतो, अंग कापतं, कधी उलटी होते. अशा वेळी बाहेर, टॉवेलात गुंडाळून मांडीवर. त्या दिवशी शिकवणं बंद.

पाठीवर झोपवलं की ती किंचाळते. तरंगायला कसं शिकवायचं?

पाठीवर मान मागे टाकली की तिला ना तळ दिसतो ना तुम्ही, आणि कान बुडाल्यामुळे जगाचा आवाज एकदम बंद होतो. म्हणून कान आधी आणि आडवं होणं नंतर.

तुम्ही (किंवा सर) खांदे पाण्याच्या पातळीवर येतील इतकं खाली बसा. तिचं डोकं तुमच्या खांद्यावर, गालाला गाल लागेल असं. एक तळहात पाठीच्या वरच्या भागाखाली, दुसरा कंबरेखाली. एकच कान पाण्यात जाऊ द्या आणि विचारा, 'काय ऐकू येतंय?' कुणी सांगतं मिक्सर, कुणी सांगतं ट्रेन. आवाजाला नाव मिळालं की त्याची दहशत कमी होते. मग दुसरा कान. मग तीन अंक मोजेपर्यंत दोन्ही. तीन म्हणजे तीनच. जमतंय असं वाटून पाचपर्यंत नेऊ नका. उद्या पाच मोजायचं आधी सांगा आणि पाच मोजा.

पोट वर आणि नजर आभाळाकडे किंवा छताकडे. डोकं उचललं की पाय खाली जातात, हे साधं तराजूचं गणित आहे: फुप्फुसातली हवा छातीत, पाय जड. 'पाय वर कर' असं ओरडण्यापेक्षा 'बेंबी मला दाखव' म्हटलं की कंबर आपोआप वर येते. हात काढताना सांगून काढा: 'आता कंबरेखालचा हात काढतेय, पाठीचा आहे.' चोरून काढलेला हात तिला कळतोच.

हवेचे दंडावरचे फुगे किंवा ट्यूब वापरावी का?

शिकताना शक्यतो नको. दंडाला फुगे बांधले की मूल उभ्या अवस्थेत लटकतं, म्हणजे नेमक्या त्या स्थितीत ज्यात पोहता येत नाही. काढल्यावर तीच सवय राहते, आणि फुग्यांशिवायही आपण तरंगतो असा भ्रमही. ट्यूब तर उलटी होऊ शकते. किकबोर्ड (हातात धरायची फोमची फळी) किंवा नूडल (फोमची लांब, लवचिक दांडी) बरं, कारण ते हातात असतं आणि सोडता येतं. यातलं काहीही जीव वाचवणारं साधन नव्हे. बोटीत बसताना लागतं ते मापाचं लाइफ जॅकेट, ते वेगळं.

आम्ही काठावर बसावं की निघून जावं?

मुलावर अवलंबून आहे. पहिले तीन-चार दिवस मुलाला दिसेल अशा जागी, पण पाण्यापासून थोडं लांब बसा. काठावरून 'हात मार, हात मार' असा दुसरा वर्ग चालवू नका. मूल एका वेळी एकाच आवाजाचं ऐकू शकतं. जाणार असाल तर सांगून जा, आणि सांगितलेल्या वेळेला परत या.

तलाव आणि बॅच कशी निवडावी?

आपल्याकडे तीन प्रकार: ठाण्यातल्या मारोतराव शिंदे तरण तलावासारखे महापालिकेचे, वाशीच्या फादर अ‍ॅग्नेलसारखे संस्थांचे किंवा जिमखान्यांचे, आणि घोडबंदर रोड, खारघर, नेरूळकडच्या सोसायट्यांचे आपापले. नावापेक्षा चार गोष्टी बघा.

पहिली, उथळ बाजूची खोली. पाच वर्षांचं मूल साधारण साडेतीन फूट उंच असतं. काही तलावांची उथळ बाजूच साडेतीन फुटांची असते, म्हणजे त्याच्यासाठी पाणी डोक्यापर्यंत. घाबरणाऱ्या मुलाला बेंबी ते छाती इतकंच पाणी हवं. ते नसेल तर रुंद पायऱ्या किंवा मुलाला उभं राहायला पाण्यात ठेवायचं टेबल आहे का विचारा. आधी बेबी पूलमध्ये आठवडाभर घालवला तरी चालेल.

दुसरी, एका प्रशिक्षकामागे किती मुलं. अशा मुलासाठी चार ते सहा ठीक. मे महिन्यात एकेका सरांमागे पंधरा-वीस दिसतात. तिथे तुमच्या मुलाला सरांची पाच मिनिटंही मिळणार नाहीत. जमलं तर जूनच्या आधीची गर्दी टाळून ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी धरा.

तिसरी, जीवरक्षक वेगळा आहे का. शिकवणारे सर म्हणजे जीवरक्षक नव्हे, त्यांची नजर शिकवण्यात असते. सोसायटीच्या तलावात ही गोष्ट सर्रास राहून जाते.

चौथी, पाणी. उभं राहून तळावरच्या फरशांच्या रेघा स्पष्ट दिसल्या पाहिजेत. मोकळा क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात इतके भाग) आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, 7.2 ते 7.8 अशी नोंद रोज फळ्यावर लिहिलेली असली तर उत्तम.

क्लोरीनचा उग्र वास आला म्हणजे पाणी स्वच्छ, हे खरं का?

उलट. तो नाकात जाणारा वास क्लोरीनचा घाम आणि लघवीशी संयोग होऊन तयार झालेल्या द्रव्यांचा असतो, आणि डोळे चुरचुरतात तेही मुख्यतः त्यांनीच. म्हणून तलावात उतरण्याआधी अंघोळ आणि शू हे दोन्ही नियम पाळा. अंगाला तेल चोपडून नेऊ नका. जुलाब होत असतील तर तलाव पूर्ण बंद.

काय-काय घ्यावं?

अंगाला बसणारा नायलॉनचा कॉश्च्यूम, कॅप, मोठा टॉवेल, चप्पल. रंग भडक नारिंगी किंवा गुलाबी घ्या. निळा, पांढरा, राखाडी पाण्याखाली दिसेनासा होतो. गॉगल घेताना पट्टा न लावता नुसता डोळ्यांवर दाबून बघा. क्षणभर चिकटून राहिला तर माप बरोबर. डोळ्यांत पाणी जायची भीती असेल तर गॉगलने मोठा फरक पडतो, पण दर तासाला पाच मिनिटं गॉगलशिवायही घालवा.

कान, सर्दी, थंडी यांचं काय?

पोहून झालं की मान एकेका बाजूला कलती करून पाणी निथळू द्या आणि टॉवेलच्या टोकाने बाहेरून टिपा. कानात काडी नको. कानाची पाळी ओढल्यावर दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवून मगच पाण्यात. पडद्याला छिद्र असेल किंवा कानात नळी बसवलेली असेल तर आधीच विचारा. लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातच्या बॅचला घाबरणारं मूल घालणं म्हणजे भीतीत थंडीची भर. ओठ निळसर झाले की वेळ संपायची वाट न बघता बाहेर. पावसाळ्यात उघड्या तलावात ढग गडगडले की लगेच बाहेर पडायचं, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून 30 मिनिटं परत उतरायचं नाही.

पाणी प्यायलं गेलं तर?

घोटभर पोटात गेलं तर काही होत नाही. पण गुदमरल्यावर पुढच्या काही तासांत खोकला थांबत नसेल, श्वास जोरात किंवा कष्टाने चालत असेल, मूल वेगळंच सुस्त वाटत असेल, तर थेट रुग्णालयात न्या. तातडीला 108. बुडालेल्याचं पोट दाबून पाणी काढायला जाऊ नये. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं हेच करायचं, आणि ते प्रशिक्षण आई-बाबांनी एकदा घेऊनच ठेवावं.

किती दिवसांत पोहायला येईल? 21 दिवसांची बॅच पुरेल का?

न घाबरणाऱ्या मुलाला कदाचित. घाबरणाऱ्याचे पहिले आठ-दहा तास पाण्याशी जुळवून घेण्यातच जातात, म्हणून दोन बॅचेस मनात धरा. आठवड्यातून एकदा तासभर नेण्यापेक्षा सलग रोज अर्धा तास जास्त उपयोगी. प्रगती मीटरमध्ये मोजू नका. स्वतः तोंड बुडवलं, पाच अंक पाठीवर तरंगला, काठाला ढकलून तीन हात सरकला आणि वळून परत काठ पकडला, हे मोजा. यातलं शेवटचं जमलं की पुढचं फार वेगाने होतं.

सगळं छान चाललं होतं, आजारपणाने दहा दिवस खंड पडला आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता?

नेहमीचं आहे. मागे गेलेलं मूल पहिल्यापेक्षा जास्त वेगाने परत येतं, फक्त शेवटच्या पायरीवरून सुरू करू नका. पुन्हा काठ, खेकडा, बुडबुडे, एकाच तासात सगळं. शेजारची तनु कुठपर्यंत पोहोचली हे मात्र घरी बोलू नका.

थोडं पोहता यायला लागलं. आता एकट्याला सोडलं तर?

नाही. कपडे घालून, खोल पाण्यात अचानक पडल्यावर 25 मीटर पोहणारं मूलही गोंधळतं. बुडणारं मूल सहसा ओरडतही नाही, कारण तोंड पाण्यावर असेल तेवढ्या क्षणात ते श्वास घेतं. हाताच्या अंतरावर मोठं माणूस, हा नियम कर्जतकडच्या फार्महाऊसच्या तलावालाही लागू, आणि तिथे गप्पांच्या नादात तो सगळ्यात आधी मोडतो. पाळीपाळीने एकाने फक्त मुलांवर नजर ठेवायची, फोन दुसऱ्याकडे देऊन. पावसाळ्यात येऊरचे ओढे आणि खारघरच्या पांडवकडा धबधब्याच्या वाटेला मुलांना नेऊच नका. तलावात शिकलेलं पोहणं ओढीच्या पाण्यात कामाला येत नाही.

आधी आणि नंतर खायला काय द्यावं?

तासभर आधी केळं किंवा अर्धी पोळी-गूळ. भरल्या पोटी रडलं आणि पाणी गिळलं की उलटी ठरलेली. नंतर भूक वखवखून लागते, तेव्हा डब्यात उपमा, थालीपीठ, शेंगदाण्याचा लाडू असं काहीतरी पोटभरीचं ठेवा. आणि पाण्याची बाटलीही. पाण्यात असूनही मुलाला घाम येतो आणि तहान लागते.